कंपासपेटी जप्त करू नका: वर्गात कर्कटक, कात्री, कटर आणि हातोडी वापरण्याची पद्धत

‘शाळेत कोणतीही टोकदार अथवा धारदार वस्तू आणण्यास सक्त मनाई आहे.’ हे वाक्य आता बऱ्याच शाळांच्या सूचनाफलकावर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सापडतं. अक्षरशः पाळायचं ठरवलं तर कर्कटक (वर्तुळ काढायचा, पेन्सिल लावायचा कंपास) गेलं, दुभाजक गेला, कात्री गेली, शार्पनरही गेला, कारण त्याच्या पोटात पातं असतं. आणि दहावीच्या गणित भाग २ मध्ये ‘भौमितिक रचना’ हे अख्खं प्रकरण आहे. स्पर्शिका कर्कटकाशिवाय काढता येत नाही.

मग होतं असं, की नियम कागदावर राहतो आणि वस्तू दप्तराच्या चोरकप्प्यात जाते. कात्री मिळत नाही म्हणून मूल पट्टीने किंवा दाताने कागद फाडतं. शार्पनर काढून घेतला की अर्धं ब्लेड कागदात गुंडाळून आणतं. चारचौघांत, बाईंच्या नजरेसमोर वापरायची वस्तू बाकाखाली वापरली जाऊ लागली की धोका वाढतो. म्हणून बंदीच्या जागी वापराचा नियम आणायचा. तो कसा आणायचा, हे नाशिकमधल्या साध्या, पन्नास-साठ मुलांचा वर्ग असलेल्या शाळेला जमेल अशा बेताने पुढे दिलं आहे.

आधी वस्तूंचे तीन ढीग करा

शिक्षकांच्या बैठकीत अर्धा तास काढा आणि फळ्यावर तीन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात खरोखर बंदी हवी अशा वस्तू. सुटं दाढीचं ब्लेड, घडीचा चाकू, लायटर, फटाके. आणि नायलॉन मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे, तरी जानेवारीत येवल्यापासून नाशिकपर्यंत पतंगांचा मोसम रंगात आला की तो कुणाच्या ना कुणाच्या दप्तरात निघतो. बंदीचा सगळा जोर इथे लावा. द्राक्षबागेतली विरळणीची कात्रीही याच रकान्यात. निफाड-दिंडोरीकडच्या मुलांना ती घरी ओळखीची असते, पण लांब, अणकुचीदार पात्यांची ती कात्री भरलेल्या बाकावर चालवण्यासारखी नसते.

दुसऱ्या रकान्यात मुलाच्या दप्तरात असायला हरकत नाही अशा वस्तू: कंपासपेटी, शार्पनर, पहिली ते चौथीसाठी गोल टोकाची कात्री.

तिसऱ्या रकान्यात शाळेच्या मालकीची, कपाटात कुलुपात राहणारी आणि मोजून दिली-घेतली जाणारी हत्यारं: टोकदार कात्र्या, कटर, सुया, हातोडी, पक्कड, करवत, ग्लू गन.

शार्पनरवर वाद होतोच. पातं स्क्रू काढून बाहेर काढता येतं हे खरं आहे. उपाय सोपा आहे: प्रत्येक वर्गात खिडकीजवळ किंवा टेबलाच्या कडेला दांडा फिरवायचा एक मोठा शार्पनर स्क्रूने बसवा. मग दप्तरातल्या शार्पनरची फारशी गरज उरत नाही.

नियम पुन्हा लिहा

सूचनाफलकावरचा मजकूर साधारण असा असावा:

‘कंपासपेटी, शार्पनर व पहिली ते चौथीसाठी गोल टोकाची कात्री आणण्यास परवानगी आहे. कर्कटक व दुभाजक फक्त गणित व चित्रकलेच्या तासाला, शिक्षकांनी सांगितल्यावर पेटीबाहेर काढावेत. मधल्या सुट्टीत, मैदानावर आणि रिक्षा-व्हॅनमध्ये पेटी बंद करून दप्तराच्या तळाशी ठेवावी. कटर, टोकदार कात्री, सुई व इतर हत्यारे शाळेकडून मिळतील; घरून आणू नयेत. सुटे ब्लेड, चाकू, लायटर, फटाके व नायलॉन मांजा यांस पूर्ण बंदी आहे.’

रिक्षा-व्हॅनचा उल्लेख मुद्दाम केला आहे. गणिताच्या तासाला मूल बसलेलं असतं आणि समोर शिक्षक असतात. व्हॅनमध्ये दहा मुलं दाटीवाटीने बसलेली, दप्तरं मांडीवर, आणि मध्येच ब्रेक. उघडं कर्कटक तिथे डोळ्याशी जाऊ शकतं. व्हॅनवाल्या काकांनाही हा नियम नीट सांगा.

कर्कटक

स्वस्त कंपासपेटीतल्या कर्कटकाची खोड एकच असते: बिजागरी सैल. वर्तुळ अर्ध्यावर आलं की पाय फाकतात, मूल जोर वाढवतं, सुईचं टोक सनमायकाच्या बाकावरून घसरतं आणि कागद धरलेल्या बोटात जातं. बहुतेक जखमा अशाच होतात, त्यामुळे दुरुस्तीही इथूनच सुरू करा.

एक: जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या भूमितीच्या तासाला सगळी कर्कटकं तपासा. पाय ५ सेंमी उघडा, वरच्या मुठीला धरून हलकेच हलवा, पुन्हा पट्टीवर मोजा. अंतर बदललं तर बिजागरीचा स्क्रू लहान पेचकसाने पाव फेरा आवळा. पुन्हा हलवून बघा. पार घट्ट केलं तर पाय उघडताना झटका बसतो, तोही वाईट.

दोन: पेन्सिल ७-८ सेंमीचा तुकडा असावी. पूर्ण लांबीची लावली की वरचं वजन कर्कटकाला एका बाजूला ओढतं. पाय मिटल्यावर पेन्सिलीचं टोक आणि सुईचं टोक एका पातळीत यायला हवं.

तीन: कागदाखाली निदान दहा-बारा पानं हवीत. वहीचं शेवटचं पान असेल तर खाली दुसरी वही ठेवा. सुईला रुतायला जागा मिळाली की ती घसरत नाही. हे एवढंसं पथ्य निम्मं काम करून जातं.

चार: मूठ अंगठा आणि तर्जनीत धरायची, कर्कटक फिरवायच्या दिशेला किंचित कलतं ठेवायचं, जोर सुईच्या पायावर. दुसरा हात कागदाच्या कडेला, सुईपासून वीतभर लांब.

पाच: काम झालं की पाय मिटून टोकावर १ सेंमी जाड खोडरबराचा तुकडा खोचायचा. शेजाऱ्याला देताना टोक स्वतःच्या मुठीत आणि मूठ त्याच्याकडे.

दुभाजकाला दोन्हीकडे सुया असतात. वर्षातून मोजक्याच वेळा लागतो, म्हणून शाळेत पाच-सहा नग ठेवून पेटीतला घरी ठेवायला सांगितलं तरी चालतं.

कात्री

बोथट कात्री सुरक्षित, हा समज घातक आहे. प्लॅस्टिक पात्याच्या कात्रीने घोटीव कागदही नीट कापत नाही. तो पात्यांमध्ये दुमडतो, मूल मनगट पिरगाळतं, दुसऱ्या हाताने कागद ओढतं आणि बोटं पात्याजवळ येतात. टोक गोल हवं, धार मात्र चांगली हवी.

पहिली ते चौथीसाठी १३ सेंमी लांबीची, गोल टोकाची, स्टील पात्याची कात्री. पाचवीपासून १७ सेंमीची. मेनरोड-रविवार कारंजा भागात स्टेशनरीच्या घाऊक दुकानांत चौकशी करा, पण विकत घेण्याआधी प्रत्येक नग वर्तमानपत्राच्या एका पदरावर पूर्ण पात्याने चालवून बघा. टोकापर्यंत सरळ कापलं पाहिजे. मध्येच कागद दुमडला तर रिव्हेट ढिली आहे किंवा धार नाही. स्क्रूची कात्री मिळाली तर उत्तम, कारण ती नंतर आवळता येते. रिव्हेटची ढिली झाली की टाकूनच द्यावी लागते.

डावखुऱ्या मुलांचा विचार सहसा कुणी करत नाही. दहातलं साधारण एक मूल डावखुरं असतं. उजवी कात्री डाव्या हातात धरली की बोटांचा दाब पाती एकमेकांवर आणण्याऐवजी दूर लोटतो, आणि कापायची रेघही पात्याआड जाते. मग मूल हात वाकडा करतं, बाई म्हणतात ‘नीट धर’, आणि बिचारं आणखी चुकतं. पन्नासच्या वर्गाला निदान पाच डाव्या कात्र्या ठेवा आणि त्यांच्या मुठीला लाल सुतळी गुंडाळा, म्हणजे शोधाशोध होत नाही.

मुलांना शिकवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. बसून कापायचं. अंगठा वर, कोपर अंगाला टेकलेलं. वळण आलं की कागद फिरवायचा, कात्री सरळच राहते. चालताना पाती मिटून मुठीत. हे तोंडी सांगून मुलांच्या लक्षात राहत नाही. पहिल्या तासाला नुसत्या जाड रेघा, दुसऱ्या तासाला नागमोडी, तिसऱ्याला वर्तुळ, असं हाताला वळण लावावं लागतं.

कटर: आठवीपासून, एका वेळी सहा जणांना

प्रकल्पासाठी पुठ्ठा कापायचा तर कात्री पुरत नाही. कटरला घाबरून पालकांकडून पुठ्ठा कापून आणायला सांगणं ही पळवाट आहे. त्यातून मूल काहीच शिकत नाही.

कटर दोन मापांचे मिळतात, ९ मिमी आणि १८ मिमी पात्याचे. जाड पुठ्ठ्याला १८ मिमीचाच घ्या. ९ मिमीचं पातं जोर लावला की वाकतं आणि खाचेवर तुटून उडतं. पातं जागेवर घट्ट बसवणारा लॉक असलेलाच घ्या. नुसत्या सरकत्या बटणाचा कटर कापताना आत सरकतो. सोबत ३० सेंमी स्टीलची पट्टी आणि कटिंग मॅट. मॅट परवडत नसेल तर जुना हार्डबोर्ड चालतो. प्लॅस्टिकची पट्टी नकोच: कटर तिच्या कडेत खाच पाडतो, पुढच्या वेळी त्याच खाचेतून वर चढतो आणि पट्टी धरलेल्या अंगठ्यावर येतो.

मुलाला उभं राहून काम करू द्या, टेबल कमरेच्या उंचीचं. पातं फक्त एक खाच बाहेर. पट्टीवर बोटं पसरून, सगळी बोटं कडेपासून २ सेंमी आत. रेघ अंगाच्या मध्यासमोर नको, कापणाऱ्या हाताच्या खांद्यासमोर येईल असा पुठ्ठा फिरवायचा, म्हणजे हात घसरला तरी पातं अंगाच्या बाजूने निघून जातं. पहिला हात अगदी हलका, नुसती खूण उमटेल इतका. मग दुसरा, तिसरा. तीन पदरी खोक्याचा पुठ्ठा चार-पाच हातांत सुटतो. एका फटक्यात कापायचा हट्ट हेच बहुतेक अपघातांचं मूळ आहे, तेव्हा ‘किती हात मारलेस?’ हा प्रश्न सतत विचारत राहा.

पातं कागद फाडायला लागलं की बोथट झालं. खाच तोडायचं काम शिक्षकांचं, पकडीने, चष्मा लावून, आणि तुटलेला तुकडा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून वर ‘धारदार’ असं लिहून घंटागाडीवाल्यांच्या हातात वेगळा द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात सुटे तुकडे टाकले तर ते कचरा निवडणाऱ्यांच्या बोटांत जातात.

सुई, हातोडी, ग्लू गन

सुईकाम तिसरीपासून मॅटीच्या कापडावर, बोथट टोकाच्या जाड सुईने. धावदोरा, मग साखळी टाका. सुया फोमच्या तुकड्यावर खोचून, दहाच्या ओळीत; मोजायला सोपं जातं. एखादी पडली तर सगळ्यांनी पाय वर घ्यायचे आणि दोरीला बांधलेलं लोहचुंबक जमिनीवरून फिरवायचं. झाडू मारू नका, सुई फटीत जाते.

हातोडी सहावीपासून, २०० ग्रॅमची. लाकूड मऊ असावं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पॅकिंगच्या फळ्या चांगल्या, मात्र वर्गात आणण्याआधी जुने खिळे पकडीने उपसून घ्या आणि कडांवर पॉलिश पेपर मारा. एक इंची खिळा बोटांनी धरायचा नाही. जुन्या कंगव्याच्या दातांत अडकवून उभा करायचा. आधी टकटक असे चार-पाच हलके घाव, खिळा स्वतः उभा राहिला की कंगवा काढायचा, मग जोरात. डोळ्यांना पारदर्शक सेफ्टी चष्मा, ठोकणाऱ्यालाही आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही. पक्कडीने तार तोडतानाही चष्मा हवाच, कारण तुटलेलं टोक गोळीसारखं उडतं. तोडताना दुसरं टोक हाताने झाकून किंवा तोंड जमिनीकडे करून तोडायला शिकवा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांसोबत काम करण्यासाठी. नाशिकमध्ये त्यातला एक दिवस तांबट आळीत घालवता येईल. तांब्याच्या पत्र्याला मठारताना कारागीर हातोडी किती उंच नेतो, घाव कुठे संपतो, हे वीस मिनिटं नुसतं बघितलं तरी मुलांच्या हातात फरक पडतो. आधी परवानगी घ्या, पंधरापेक्षा जास्त मुलं एका वेळी नेऊ नका आणि घावाच्या टप्प्यापासून सहा फूट लांब बसवा.

ग्लू गन मात्र शिक्षकांच्याच हातात ठेवा. साध्या गनचा गोंद १९० अंशांच्या आसपास तापतो आणि कातडीला चिकटून बसतो, त्यामुळे नुसत्या चटक्यापेक्षा खोल भाजतं. बहुतेक कामं फेविकॉल आणि कपड्याच्या चिमट्यांनी होतात, फक्त वाळायला वेळ द्यावा लागतो.

मोजणीचा फळा

तिसऱ्या रकान्यातली सगळी हत्यारं एका फळ्यावर टांगा. १२ मिमी प्लायवूड, दोन बाय तीन फूट. प्रत्येक हत्यार त्यावर ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढा, आतला भाग गडद रंगाने भरा, वर खिळा ठोका. कात्री परत आली नाही की तिची काळी सावली दारातूनच दिसते. मोजदाद वहीत करण्यापेक्षा हे वेगाने होतं.

३५ मिनिटांच्या तासाचा हिशोब असा: पहिली ३ मिनिटं वाटप, गटप्रमुख सही करून घेतो. २ मिनिटं प्रात्यक्षिक. २२ मिनिटं काम. तास संपायच्या ८ मिनिटं आधी ‘हत्यारं खाली’. यातली ५ मिनिटं परत टांगण्यासाठी, ३ मिनिटं कचऱ्यासाठी. फळा पूर्ण भरल्याशिवाय वर्ग सुटत नाही. पुढच्या तासाच्या घंटेवर मोजणी सुरू केली तर ती कधीच पुरी होत नाही आणि दुसऱ्या दिवशी एक कटर कमी निघतो. मग मुख्याध्यापक पुन्हा सगळंच बंद करतात, आणि त्यांचंही चुकत नाही.

तरीही लागलं तर

लहान चिरा पडणारच. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवा, निर्जंतुक गॉजने सलग १० मिनिटं दाबून धरा. मध्ये मध्ये उचलून बघितलं की रक्त पुन्हा सुरू होतं, हा नेहमीचा घोटाळा. हळद, चहापूड, टूथपेस्ट काही लावू नका. दहा मिनिटांनीही थांबलं नाही, जखमेच्या कडा उघड्या राहिल्या किंवा बोट हलत नसेल तर डॉक्टर. चटका बसला तर वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली, बर्फ नको, चिकटलेला गोंद ओढू नका.

डोळ्याला काही लागलं तर वेगळे नियम. चोळायचं नाही, दाबायचं नाही, रुतलेलं काढायचं नाही. कागदी कप उपडा ठेवून हलकेच चिकटवायचा आणि १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात न्यायचं.

धनुर्वाताच्या लसीची नोंद ठेवा. राष्ट्रीय लसीकरणात टीडी लस १० आणि १६ व्या वर्षी असते, म्हणजे साधारण पाचवीत आणि दहावीत. पाचवीच्या सुरुवातीलाच लसीकरणाचं कार्ड बघून घेतलं की ऐन वेळी धावपळ होत नाही.

प्रत्येक जखमेची एका ओळीत नोंद करा: तारीख, हत्यार, काय करत होतं, काय बदललं. एकाच कात्रीने तीनदा लागलं असेल तर दोष कात्रीत आहे, हे नोंदीशिवाय कळत नाही.

मंजुरी कशी मिळवायची

शासकीय, महापालिका आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. इतर शाळांत पालक-शिक्षक संघ. तिथे भाषण करू नका. मोजणीचा फळा, एक उजवी आणि एक डावी कात्री, चष्मा आणि प्रथमोपचार पेटी घेऊन जा आणि पालकांनाच पुठ्ठा कापायला लावा. एका इयत्तेत, एका सत्रापुरती परवानगी मागा. जून ते दिवाळीची नोंदवही दाखवून मग पुढची.

कुणी म्हणेल, १९३७ च्या वर्धा परिषदेतल्या नई तालीमचा काळ वेगळा होता. पण हाताने काम करत शिकण्याचा तो विचार याच महाराष्ट्रातून निघाला, आणि तकली-चरख्यापासून बागेच्या कुदळीपर्यंत सगळं त्यात मुलांच्याच हातात होतं. समितीला हे आठवून द्यायला हरकत नाही.

बंदीतली वस्तू सापडली तर

आधी शांतपणे विचारा: कशासाठी आणली? पेन्सिलीला टोक करायला आणलेलं ब्लेड आणि कुणाला भीती दाखवायला आणलेलं ब्लेड, दोन्ही काढूनच घ्यायची, पण पुढची वागणूक एकसारखी असू शकत नाही. अमेरिकेत शाळेत बंदूक आणण्याविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानंतर ‘वस्तू सापडली की ठरलेली शिक्षा’ असे कडक नियम पसरले. डेलावेअरमध्ये २००९ साली पहिलीतल्या मुलाने डबा खायला काटा-चमचा-चाकू एकत्र असलेलं सहलीचं साधन आणलं म्हणून त्याला ४५ दिवस वेगळ्या शाळेत धाडायचं ठरलं होतं. गदारोळ झाल्यावर लहान मुलांसाठीचा नियमच बदलावा लागला. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे, तेव्हा कर्कटक आणलं म्हणून दिवसभर वर्गाबाहेर उभं करणंही कायद्यात बसत नाही.

वस्तू लिफाफ्यात घाला, वर नाव-तारीख लिहा, त्याच दिवशी पालकांना फोन करा आणि लिफाफा पालकांच्याच हातात द्या. मुलाकडे परत दिला तर तो संध्याकाळी व्हॅनमध्ये उघडतो.